पायाचा ठोका

रबराचं ते टोपण करंगळीच्या नखाएवढं होतं, पारदर्शक, एका कडेला जरासं पिवळट… कुणाच्या तरी कानातलं, मग थोडा वेळ आपल्या कानातलं. धुवायला टाकण्याआधी जीन्सचे खिसे उलटे करताना ते अनुजाच्या तळव्यावर पडलं, आणि हे काय आहे ते तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि न्हाणीच्या दारात उभी असताना एकदम कानात शांतता भरली. बंगळूरची शांतता. तिथं ड्रम वाजवायला बसताना इयरफोनची ती वायर कानात घालताना टोपण निसटलं असणार, आणि दुसरं लावताना हे आपण खिशात टाकलं असणार—चोरी नव्हे, तरी चोरी केल्यासारखं वाटलं, आणि तिनं ते खिडकीच्या फळीवर, साबणाच्या तुकड्यांशेजारी ठेवून दिलं.

"आवरलं का? उपासना नऊला हाय," आई बाहेरून ओरडली. आई नेहमी ओरडूनच बोलायची. पिठाची गिरणी चालवणारी बाई हळू कशी बोलेल? उचगावात त्यांच्या गिरणीत दळण घेऊन येणारी माणसंसुद्धा दारातूनच बोटं दाखवायची, म्हणजे जाड की बारीक, आत्ता की संध्याकाळी. आणि पट्टा सुरू झाला की तिथं बोलणं नावाची गोष्टच उरत नसे, नुसत्या हलणाऱ्या ओठांवर आणि हातांवर सगळा व्यवहार. अनुजा लहानपणी तिथंच पिठाच्या डब्यांवर दोन चमचे घेऊन बसायची. पट्ट्याच्या सांध्याचा तो 'धप्… धप्…' यायचा, आणि त्याच्या मधल्या जागा भरायचा खेळ. चर्चच्या तरुण संघानं ड्रमसेट घेतला तेव्हा वाजवायला एकही मुलगा धड बसेना, म्हणून पाळकसाहेबांनी गमतीनं हिला बसवलं, ती बसलीच. आता बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि अजून तिथंच.

तिथंच—हा शब्द पूर्वी टोचत नव्हता.

बंगळूरला ती गेली होती मावसबहिणीकडे, वर्षाराणीकडे, परीक्षेआधीची चार दिवसांची सुट्टी काढून. ट्रॅव्हल्सच्या बसमधून उतरल्यावर आधी त्या शहराची रुंदीच अंगावर आली; मेट्रोत सगळे एकमेकांना न बघता उभे, आणि त्या न बघण्यात एक सुख होतं, कारण उचगावच्या स्टॉपपासून कॉलेजपर्यंत आपल्याला किती जण बघतात ते तिला पाठ होतं. वर्षाराणी तिला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. फर्निचरच्या दुकानावरचा मजला, आत थंडगार काळोख, रंगीत दिवे, हातात कॉफीचे कप घेतलेली तरुण माणसं. आणि ड्रम—काचेच्या खोलीत! जणू वाजवणाऱ्याला संसर्गजन्य काही झालंय. शनिवारच्या सरावाला त्यांचा वाजवणारा आलाच नव्हता. वर्षाराणी फट्कन म्हणाली, "ही वाजवते." तिथलं संगीत बघणारा जोएल नावाचा तरुण हसला, म्हणाला, चल मग.

कानात त्या वायरी घातल्या आणि जग बंद झालं. उरलं नुसतं टिक, टिक, टिक… यंत्राचं, न थकणारं, कुणासाठीही न थांबणारं. मी त्याच्यावर पाय टाकला आणि पाय बरोबर बसला. कुणी मागं ओढत नव्हतं. आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या गणपतरावांची लांबलेली ओळ नव्हती, बायकांच्या बाजूचा अर्धा ठोका उशिरा येणारा सूर नव्हता, माणसंच नव्हती. आणि मला ते आवडलं. देवाच्या घरात माणसं ऐकू येत नाहीत आणि ते आपल्याला आवडतं, हे मी कुणाला सांगणार होते?

जोएलनं नंतर सांगितलं, जूनपासून ये. वर्षभर शिक, आमच्याबरोबर वाजव, राहायची सोय होईल. "आऊँगा," असं ती हिंदीत बोलून गेली, आणि वर्षाराणी पोट धरून हसली. इथं येऊनही कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' सोडत नाहीत म्हणून. घरी परतल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "बघू." अप्पा एस.टी.त ड्रायव्हर, त्यांचं 'बघू' पुढच्या ड्युटीपर्यंत चालतं. आईला सांगितलं तेव्हा ती दळण पाखडत होती, मान हलवली. होकार म्हणून हलवली की माशी बसली म्हणून… आणि आज जोएलला कळवायचं होतं. सकाळीच त्याचा मेसेज येऊन पडला होता: सो?

आई स्कूटीवर मागे बसली, गीताचं पुस्तक मांडीवर, स्कार्फ घट्ट. तावडे हॉटेलपाशी गाड्यांची गर्दी होती.

"आई, जोएलला आज सांगायचं हाय," अनुजा मान किंचित वळवून म्हणाली.

"व्हय, ऊन लईच हाय," आई म्हणाली.

वारा, हेल्मेट, ट्रक. अनुजानं पुन्हा विचारलं नाही. उत्तर टाळायची ही आईची जुनी रीत. हवी ती गोष्ट ऐकायची, नको ती उन्हावर ढकलायची. तिला राग आला, आणि तो राग तसाच घेऊन ती शहरात शिरली.

चर्चमध्ये ड्रमसेट स्त्रियांच्या बाजूला, पुढे, एका लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर. आणि त्याला लागूनचा पहिला बाक आईचा. पूर्वी आई मागे बसायची, शेजारच्या बायकांमध्ये. दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी ती उठून पुढे आली ती कायमची. चप्पल काढायची आणि अनवाणी पावलं सरळ चौथऱ्याच्या कडेवर ठेवायची. लेक वाजवतेय त्याची मिरवणूक, असं अनुजाला वाटायचं, आणि लाजही वाटायची. एकदा ती म्हणालीसुद्धा होती, "पाय खाली घे की, सगळी बघत्यात." आईनं घेतले होते. आणि पुढच्या रविवारी पुन्हा वर.

आज अनुजानं मोबाइल खिशात ठेवला, एका कानात वायर घातली, केस पुढे ओढले. मोबाइलवरची टिक टिक सुरू. पहिलं गीत वेगवान होतं, पण गणपतराव पहिल्याच ओळीच्या शेवटी सवयीनं थांबले, आणि नेहमी त्यांच्यासाठी थांबणारी अनुजा आज थांबली नाही. टिक थांबत नाही, मी का थांबू? पेटी वाजवणाऱ्या अकाउंटंट बाईंनी चमकून वर पाहिलं. मंडळी दोन भागांत फाटली, अर्धी ड्रमबरोबर, अर्धी गणपतरावांबरोबर, आणि शेवटच्या ओळीला कशीबशी एकत्र आली, घाटात बस चढावी तशी. पाळकसाहेब सौम्यपणे म्हणाले, "आज जरा घाई झालेली दिसतेय." लोक हसले. अनुजाला वाटलं, बरोबर तर मीच होते.

मग दानाच्या आधीचं संथ गीत. बंगळूरला जोएलनं शिकवलं होतं: पहिल्या कडव्यात पाय वाजवायचाच नाही, नुसती झांज, ब्रशनं, श्वासासारखी, दुसऱ्या कडव्याला पाय आला की माणसाच्या अंगावर काटा येतो. अनुजानं उजवा पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला. पेटी सुरू झाली. झांज सुरू झाली. सुंदर होत होतं… खरंच सुंदर होत होतं, आणि ते कुणाला तरी कळतंय का म्हणून तिनं वर पाहिलं, तर आईचं तोंड बंद.

पुस्तक उघडं, हातात. ओठ मिटलेले. आणि नजर खाली, अनुजाच्या बाजूला ठेवलेल्या पायावर. चिडलीय, अनुजाला वाटलं. मघाचा घोळ तिलाही आवडला नसणार. पण तो चिडलेला चेहरा नव्हता. गिरणीत पट्टा सुटला की वीज गेलीय की मोटर जळलीय हे कळेपर्यंत आई जशी उभी राहते, हात अर्धवट वर, तसा होता तो.

कडवं संपलं. पेटी वळली. सगळी मंडळी दुसरं कडवं म्हणू लागली आणि अनुजानं पाय आणला—धप्.

आईनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात पहिलं कडवं सुरू केलं.

एक ओळ पूर्ण म्हणाली ती. सगळ्यांच्या दुसऱ्या कडव्यावर, एकटीनं, आनंदानं, डोळे किंचित मिटून. मागे कुणी पोरगी फिस्कन हसली. शेजारच्या धोंडुबाईंनी आईला कोपर लावलं, आणि—हे अनुजाला नंतर पुन्हा पुन्हा दिसत राहिलं—जराही आश्चर्य न वाटता, सवयीच्या हातानं, आईच्या पुस्तकात बोट ठेवून जागा दाखवली. आईनं बोटाकडे पाहिलं. समजली. चेहऱ्यावरून ओशाळेपणा सरकून गेला. मग तिनं पुन्हा अनुजाच्या पायाकडे पाहिलं, आणि चौथऱ्यावर टेकलेली तिची पावलं, ती पिठानं भेगाळलेली पावलं, अंगठे दाबून लाकडाला चिकटली.

दोनेक वर्षं. बाक. अनवाणी पाय. ऊन लईच हाय. माशी बसल्यासारखी हललेली मान… सगळं एकदम नाही आलं, एकामागून एक आलं, ठोक्यांच्या मधल्या जागांमध्ये. कानातली वायर अनुजानं कधी ओढून काढली ते तिला आठवत नाही. झांज सोडली, ब्रश सोडले, सगळी शोभा सोडली आणि नुसता पाय वाजवत राहिली, जड, साधा, पट्ट्याच्या सांध्यासारखा. ओळीच्या शेवटी गणपतराव थांबले. ती थांबली. आई थांबली. मग सगळे पुढे गेले.

उपासना सुटल्यावर लोक चहाला पांगले. स्कूटीपाशी आई पाठमोरी उभी राहून स्कार्फ बांधत होती. अनुजा तिच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली. नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"आई, मी बंगळूरला जाणार न्हाय."

आई गाठ मारत राहिली. गाठ मारून झाली, पुस्तक डिकीत ठेवलं, वळली, आणि लेकीचा चेहरा बघून म्हणाली, "काय गं? काय झालं?"

"तुला ऐकू येत न्हाय."

हे आईला कळलं. ओठांवरून कळलं. तिनं आजूबाजूला पाहिलं.

"येतंय की. जरा कमी येतंय. डावा गेलाय, उजव्यात हाय थोडं."

"डॉक्टरला दावलंस?"

"दावलं. गिरणीनं झालंय म्हणला. मशीन लाव म्हणला, आणि गिरणी सोड म्हणला." तिनं स्कार्फची गाठ चाचपली. "तुझ्या अप्पाला सांगू नगंस. लगेच गिरणी विकाय काढंल. मग मी काय करू दिवसभर?"

"धोंडुमावशीला म्हाईत हाय."

"ती शेजारी बसती. तिला कळणारच की."

मी समोर बसते, अनुजाच्या मनात आलं. मी तर समोर बसते.

"मग दर रविवारी म्हणतीस, छान वाजवलंस. ते?"

"छानच वाजवतीस. मला कळतंय की पायाला." आईनं हे अगदी सरळपणे सांगितलं, दळण बारीक झालंय असं सांगावं तसं.

"आणि मी गेलो तर?"

आई क्षणभर तिच्या ओठांकडेच बघत राहिली. "गेलीस तर गेलीस. कोण तरी वाजवंल. न्हाई वाजवलं तर धोंडुबाई बोट दावंल. माझ्या पायासाठी तू हितं बसणार हायस व्हय? येडी का खुळी!" आणि मग, आवाज खाली आणायचा प्रयत्न करत, जो तिला आता जमत नव्हता, म्हणून शेजारच्या गाडीवरचे लोक वळून बघू लागले: "त्या पोराला आज सांगायचं हाय न्हवं? मग सांग की. मी कवाच मान हलवलीया."

म्हणजे मान होकाराचीच होती.

अनुजानं गाडी सुरू केली. आई मागे बसली, एक हात तिच्या खांद्यावर. रस्ता ओळखीचा, ऊन खरंच लई होतं. मोकळं वाटायला हवं होतं; अडवणारं कुणी नाही, आई जा म्हणतेय, अप्पा 'बघू' म्हणता म्हणता हो म्हणतील. पण काहीतरी दुखत होतं, आणि ते आईच्या कानांचं दुःख होतं की आईनं इतक्या सहज सोडून दिल्याचं, हे तिला वेगळं करता येईना. तू नसलीस तरी चालेल—हेच तर मला ऐकायचं होतं. मग ते ऐकल्यावर असं का?

आणि ते वाक्य. 'मी जाणार न्हाय.' ते तिनं परीक्षा म्हणून म्हटलं होतं; आई ज्यासाठी नक्की वळेल असं सगळ्यात मोठं काही निवडायचं म्हणून. खोटंच होतं. पण म्हणताना आवाज खोट्यासारखा लागला नव्हता. आईनं ते ऐकलं नाही, दुसरं कुणी जवळ नव्हतं. ते ऐकणारी ती एकटीच होती, आणि सिग्नलला गाडी थांबवून, खांद्यावरच्या हाताचं वजन तोलत, ते आपण नेमकं कसं म्हटलं होतं हे ती मनात पुन्हा ऐकून बघत राहिली.