नाचणारा पडदा

आमच्या मन्सुरा शहरातल्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात, प्रोफेसर नगातींनी व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्या हाज शहातांच्या बरगडीखाली सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. स्क्रीनवर छाती-पोटामधला श्वासाचा पडदा छान वरखाली होत होता.

“बघा, कसा नाचतोय! आता व्हेंटिलेटर पुरे. काढा नळी,” सर म्हणाले.

दाराच्या काचेला नाक लावून उभी असलेली हाजची बायको, उम्म वहीद, आनंदाने पळतच सुटली.

माझं डोकंच फिरलं. “सर, मशीन अजून हवा ढकलतंय. पडदा नाचत नाहीये, त्याला नाचवलं जातंय. आधी मशीनचा दाब उतरवा, मग बघा.”

“शाहिनाझ, माझी परीक्षा घेतेस?”

उत्तर न देता मी दाब उतरवला. चार श्वासांत पडदा गळाठला, जेमतेम थरथरू लागला. हाजच्या मानेचे स्नायू ताठले. मी घाईघाईने दाब पूर्ववत केला.

सर प्रोब तसाच धरून शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिले. परवापर्यंत तिथे शनूदा होता. त्याचाही पडदा असाच नाचला होता, म्हणून नळी काढली. तो गेल्यावर त्याच्या लेकाला आम्ही सांगितलं, हृदयाने दगा दिला.

“शनूदाच्या वेळी,” सरांनी हळूच विचारलं, “दाब उतरवून कुणी पाहिलं होतं का?”



तेवढ्यात उम्म वहीद शरबताचे ग्लास घेऊन दारात आली. “घ्या हो डॉक्टरबाई, तोंड गोड करा! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, माझा म्हातारा आपला आपण श्वास घेतोय!”