नाकाडाचा नकाशा

छोटीने चौथं शीट उलगडून त्याच्या कोपऱ्यावर पाण्याची बाटली ठेवली, आणि तेवढ्यात पहिलं शीट सुर्रकन गुंडाळलं जाऊन टेबलाखाली घरंगळलं.

"काय पडलं?" दादाने विचारलं.

"नकाशा."

"कुठला?"

"दक्षिणेकडचा. थांब जरा, काढू दे मला."

ती टेबलाखाली वाकली. नकाशा घ्यायचा म्हणजे दुकानात जायचं, डोंगर कुठला ते सांगायचं आणि सुरळी काखेत मारून घरी यायचं, अशी तिची समजूत होती. पण दादाला हवा असलेला डोंगर नेमका चार शीटांच्या कोपऱ्यात अडकला होता. पायथ्याचं गाव एकावर, नदी दुसऱ्यावर, आणि चढाची वाट तिसऱ्यावरून निघून चौथ्यावर संपत होती. नकाशे करणाऱ्यांनी मुलखाचे चौकोन पाडताना कात्री बरोबर इथूनच का चालवावी, हे तिला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. निदान नकाशेवाल्याने तरी. पण तो आतल्या बाजूला सपाट, रुंद खण ओढत आणि लोटत उभा होता, आणि प्रत्येक खणाबरोबर घड्याळाकडे बघत होता.

ती वर आली तेव्हा दादा तसाच ताठ बसलेला होता. काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी, हनुवटी मुठीवर टेकलेली. त्याचा सगळा जन्म इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता, आणि सगळ्या सुट्ट्या डोंगरात. काचबिंदूने आधी त्याचं कडेचं दिसणं नेलं, मग हळूहळू मधलंही. आता उजेड कुठल्या बाजूने येतोय एवढंच कळायचं. छोटी त्याची धाकटी बहीण. पन्नाशी जवळ आली तरी तिचं नाव छोटीच राहिलं होतं. ती औषधांच्या दुकानात बसायची. कुठल्याही डॉक्टरचं कसलंही गिचमिड अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण या तपकिरी रेषांच्या जंजाळापुढे तिने सकाळपासून दोनदा हार मानली होती.

"आता सांग," दादा म्हणाला. "नदी ओलांडली. समोर काय आहे?"

"रेषा आहेत."

"रेषा असणारच गं. दाट आहेत की विरळ?"

"दाट. नाही, इथे दाट, तिथे विरळ. दादा, मला नाही कळत. केसांचा गुंता पडल्यासारखं दिसतंय सगळं."

"दाट म्हणजे चढ. विरळ म्हणजे सपाटी. पोरासोरांना कळतं."

"मग पोरासोरांना घेऊन यायचंस."

नकाशेवाल्याने एक खण जरा जोरात लोटला.

पर्यटकांचा नकाशा तर पहिल्या फटक्यातच बाद झाला होता. छोटीला तो मनापासून आवडला होता. गुळगुळीत कागद, छोटे छोटे तंबू, दुर्बिणीचं चित्र, गाडी कुठे लावायची, चहा कुठे मिळेल, सगळं लिहिलेलं. पायवाट तर लाल ठिपक्यांनी इतकी ठसठशीत काढलेली की चुकण्याची सोय नव्हती. तिने तो दादाला उत्साहाने वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढ किती आहे ते कळतं का यात? पाय कुठे घसरेल ते?" कळत नव्हतं. "मग हा घरी भिंतीवर लावायला बरा," तो म्हणाला.

म्हणून मग खडकांचा नकाशा. तो गुलाबी, हिरवा, जांभळा, आणि प्रत्येक रंगावर बारीक अक्षरं. अक्षरांचा अर्थ खाली, कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या टाइपात. छोटीने चष्मा काढून कागदाला नाक लावलं.

"नाकाडावर कुठला रंग आहे?" दादाने विचारलं होतं. नाकाड म्हणजे त्या डोंगराची पुढे आलेली, नाकासारखी धार. हे नाव दादाने आणि त्याच्या मित्रांनी ठेवलेलं. नकाशात तिथे नुसता उंचीचा आकडा होता.

"गडद हिरवा. लांबट पट्टा आहे."

"तोच," दादा म्हणाला, आणि त्याचा हात काठीवरून सुटून हवेत काहीतरी पकडल्यासारखा मिटला. "काय दगड आहे तो. एकदा धरला की हातात निघून येणार नाही. बाकी डोंगर भुसभुशीत, पण नाकाडावर तुम्ही बिनधास्त वजन टाका."

हे बोलताना त्याचा चेहरा असा झाला की छोटीला टेबलावरची बाटली उचलून पाणी प्यावं लागलं.

तिच्या पर्समधला फोन थरथरला. तिने नाव पाहिलं आणि "दुकानातून आहे" असं पुटपुटत ती बाहेर पायरीवर आली. फोन वहिनीचा होता.

"काय झालं?"

"अजून काही नाही. मिळत नाहीये धड."

"नाहीच मिळाला तर बरं," वहिनी म्हणाली. "मी बोलून थकले. तुझं ऐकेल तो. त्याच्या मित्रांनीसुद्धा काढता पाय घेतला, तर हा म्हणतो बहीण येईल बरोबर. तुला तरी झेपणार आहे का? वाटेत काही झालं म्हणजे?"

"मी कुठे जाणार आहे म्हटलं, वहिनी? मी नुसती नकाशा बघायला आलेय."

"नकाशा आला की निघालाच तो. तू काढ त्याच्या डोक्यातून. शब्द दिलायस मला."

दिला होता खरा. काल वहिनीच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने सांगितलं होतं की, काळजी करू नका, मी बघते. प्रत्यक्षात सकाळपासून ती काय बघत होती, तर दाट रेषा आणि विरळ रेषा. दुकानातून रजा घ्यायला मालकाची बोलणी खाल्ली होती ती वेगळीच. समोरच्या फुटपाथवर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, आणि ती पुन्हा पुन्हा निसटत होती. छोटी त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली.

नकाशेवाल्याने तोवर एक नवं शीट आणून ठेवलं होतं.

"ही नवी आवृत्ती," तो म्हणाला. "यात तुमचे चारही कोपरे एकत्र आलेत. आधी लक्षात आलं नाही. हे घ्या आणि मला जेवायला जाऊ द्या."

"बघ," दादा म्हणाला. "धीर धरला की मिळतं. वाच."

एकसंध कागद होता तो. तिने नदी शोधली, आता सरावाने पटकन सापडली. नदीवरून बोट पलीकडे नेलं. गाव. शाळा. विहिरीची खूण. मग रेषा सुरू झाल्या, विरळ, मग दाट. नाकाड जिथे पुढे यायला हवं होतं, तिथे रेषा अचानक थांबल्या. पुढे आडव्यातिडव्या बारीक फटकाऱ्यांनी भरलेला एक मोठा खळगा होता, एखाद्याने घास तोडावा तसा. आकडा नव्हता. बाजूला एक छोटी खूण होती. तिने खाली सूचीत ती खूण शोधली, आणि सापडल्यावर पुन्हा एकदा शोधली.

तिने मान वर केली. नकाशेवाला तिच्याकडे बघत होता. त्याने हळूच मान हलवली आणि नजर खाली घेतली.

आता तिचं काम अगदी सोपं झालं होतं. एका वाक्याचं. आणि तेच वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.

"काय झालं? नदी सापडली ना?"

"सापडली."

"मग गाव. मग सपाटी. मग?"

"मग चढ."

"आणि नाकाड? रेषा कशा आहेत तिथे? आता चांगल्या मोठ्या दिसत असतील."

"दादा, आपण जेवून घेऊया का? यांनाही जायचंय."

"एवढं वाचून टाक आणि मग जाऊ. रेषा एकमेकींना चिकटल्यात का, एवढंच सांग. डाव्या अंगाला थोडी फट असेल. तिथून आपल्याला..."

"नसेल जमत तर सोडून दे ना."

"काय न जमण्यासारखं आहे त्यात? सकाळपासून तेच शिकवतोय मी तुला. रेषा बघायच्या आणि सांगायच्या. तेवढंही..."

"रेषा नाहीयेत," छोटी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "नाकाड नाहीये. खाण आहे तिथे. खणून नेलंय सगळं. नाहीये ते."

नकाशेवाला खणांकडे तोंड करून उभा राहिला आणि जागच्या जागी असलेले कागद नीट करू लागला. छोटीला वाटलं, हे असं सांगायचं नव्हतं. घरी, बसवून, पाणी देऊन सांगायचं होतं. तिने दादाच्या खांद्याकडे हात नेला आणि न टेकवताच परत घेतला.

"सगळं?" दादाने विचारलं.

"अर्ध्याहून जास्त."

"कुठल्या अंगाने?"

"पूर्वेच्या."

तो मान हलवत राहिला. "चांगला दगड होता," तो म्हणाला. "चांगला होता म्हणूनच नेला असणार. खडी छान होते त्याची." मग जरा थांबून, "त्या पर्यटकांच्या नकाशात काय आहे गं तिथे?"

तिने तो गुळगुळीत कागद पुन्हा ओढला. लाल ठिपके गावातून निघून थेट नाकाडावरून, हवेतून, शिखरावर गेले होते. टोकाला दुर्बीण.

"वाट आहे त्यात," ती म्हणाली. "अजून."

दादा हसला. ते हसू फार वेळ टिकलं नाही, पण खोटंही नव्हतं. त्याने हात पुढे केला. तिने त्याचं बोट धरून नव्या शीटवर खळग्याच्या मधोमध ठेवलं. त्याने पूर्ण पंजा पसरून तो तिथेच टेकवला. लिफ्टच्या तारांनी घट्टे पडलेला तो हात, त्याखाली अख्खा डोंगर झाकला गेला.

आता उठेल, तिला वाटलं. आता म्हणेल, चल घरी.

"खिंड?" त्याने विचारलं. "नाकाडाच्या मागची. ती राहिलीय का?"

तिने त्याची करंगळी बाजूला सारून पाहिलं. "आहे."

"आणि दगड बाहेर नेतात म्हणजे रस्ता असणार. कुठून नेलाय?"

रस्ता होता. इतका वेळ तो तिला दिसलाच नव्हता, कारण ती रेषांमध्ये अडकली होती. गावाला वळसा घालून, वळणं घेत घेत जाणारी जाड दुहेरी रेघ.

"मागून गेलाय. खिंडीपर्यंत."

"डांबरी?"

तिने सूची पाहिली. "डांबरी."

"ट्रक असतात हं त्या रस्त्यावर," नकाशेवाला न राहवून म्हणाला.

"रविवारी?"

"रविवारचं मला माहीत नाही."

"खाणी रविवारी बंद असतात," दादा म्हणाला. त्याने पंजा उचलला आणि काठी शोधली. "हेच शीट द्या. गुंडाळून नको, मी गुंडाळतो." मग छोटीकडे, म्हणजे तिच्या आवाजाच्या जरा डावीकडे, तोंड करून म्हणाला, "तुझ्या वहिनीला फोन लाव. सांग, खिंडीपर्यंत रस्ता झालाय. एवढंच सांग, तिला कळेल. लग्न झालं तेव्हापासून म्हणत आलीय, रस्ता झाला की येईन."

"दादा, ती तसं..."

"माहितीये मला ती कसं म्हणायची. तू सांग तर खरं."

छोटी पुन्हा पायरीवर आली. सायकलवाला निघून गेला होता. उन्हाने पायरी तापली होती, आणि काय सांगायचं ते तिच्या मनात काही केल्या जुळत नव्हतं. जायचं बंद कर म्हणून सांगायला आलेली ती, आता निरोप घेऊन निघाली होती. एकीचा शब्द मोडायचा आणि दुसऱ्याचा पोहोचवायचा, ते पण एकाच फोनवर.

"काढलंस का त्याच्या डोक्यातून?" वहिनीने फोन उचलताच विचारलं.

"वहिनी, ते नाकाड गेलं. खाण झालीय तिथे. मी सांगितलं त्याला."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"काय म्हणाला?"

"फार काही नाही. खिंडीपर्यंत रस्ता झालाय म्हणून तुम्हाला सांग म्हणाला. डांबरी. तुम्ही म्हणे म्हणाला होतात की..."

"म्हणाले होते." वहिनीचा आवाज बारीक झाला. "तिथे कधी रस्ता होईल असं कुणाला वाटलं होतं, छोटे? म्हणून तर म्हणाले होते."

छोटी काचेतून आत बघत राहिली. दादा टेबलाशी उभा राहून शीट गुंडाळत होता, दोन्ही हातांनी, सावकाश, कड कडेला लावत. नकाशेवाला रबरबँड हातात धरून बाजूला थांबला होता आणि आता घड्याळाकडे बघत नव्हता.

"काय करतोय तो?" वहिनीने विचारलं.

"नकाशा गुंडाळतोय."

फोन कटला की काय म्हणून छोटीने तो कानापासून दूर करून पाहिला.

"खिंडीत वारा फार असतो म्हणायचा तो," मग वहिनी म्हणाली. "येताना कानटोप्या मिळतात का बघ. दोन घे."