कीबोर्ड माझ्याकडे असताना

खोलीत तीन माणसं होती, एक स्क्रीन आणि एकच कीबोर्ड. आमच्या मोहालीच्या ऑफिसात प्रोग्राम सगळ्यांनी मिळून लिहायचा नियम नवा होता. कीबोर्ड तासातासाने फिरायचा. तो ज्याच्याकडे असेल त्याने इतर सांगतील तेवढंच टाइप करायचं, स्वतःचं काही सुचवायचं नाही. प्रोग्राममधली चूक सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही. माझी घरी जायची बस सेक्टर 43 च्या स्टँडवरून सव्वापाचला होती.

चार ते पाच कीबोर्ड माझ्याकडे होता. अंबरीश अखंड बोलत होता. चार वाजून दहा मिनिटांनी गिरिजाने वही माझ्यापुढे सरकवली. त्यात लिहिलं होतं: ओळ 214, मोजणी एकने कमी.

ते बरोबर होतं.

"मोठ्याने सांग ना," मी म्हणाले.

"अंबरीशचं झालं की सांगते."

"थांबा जरा, विचार करतोय," अंबरीश म्हणाला.

"तू विचारही मोठ्यानेच करतोस, यार. मी सांगू का?" मी विचारलं.

"तू टाइप कर. नियम म्हणजे नियम."

पाचला कीबोर्ड अंबरीशकडे गेला, म्हणून तो गप्प बसला. गिरिजाने एक वाक्य सांगितलं. चूक पाच वाजून एक मिनिटाने गेली.

मी स्टँडवर पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पोचले.