फ्रीजरचं भाषण

रेयो हानुला त्या संध्याकाळी हरला. भरल्या टेबलावर, गळ्यात पांढरा बो टाय बांधून, ताटात रेनडिअरचं मांस असताना हरला. पण तसं काही झालंच नाही, असं त्याचं म्हणणं आहे. प्राध्यापकाचा मान ठेवून आपणही झालं नाही असंच धरू, आणि काय झालं ते सांगू.

मेर्वीला पन्नाशी उलटल्यावर पीएचडी करायची बुद्धी झाली. विषय होता, पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन घटतं तेव्हा मेंदूचं काय होतं. झोप उडते, जिभेवरचे शब्द निसटतात, डोक्यात धुकं बसतं. तिच्या अभ्यासातल्या बहुतेक बायकांचं धुकं काही वर्षांनी उठलं होतं. मेर्वीचं स्वतःचं अजून उठायचं होतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या बैठकीत ती ऐन मुद्द्यावर अडली.

"म्हणजे मेंदूला जे कमी पडतं ते... ते... अरे, ते..."

"इस्ट्रोजेन," तिचा मार्गदर्शक रेयो म्हणाला. "मेर्वी, तू इथे संशोधक म्हणून येतेस की नमुना म्हणून?"

सगळे हसले. फिनलंडमध्ये सगळे हसले म्हणजे तिघांच्या नाकातून हवा बाहेर पडते, पण मेर्वीला तेवढं पुरलं.

पुढे रेयोने हा किस्सा कॅन्टीनमध्ये सांगितला, सॉनाच्या वाफेत उघड्या अंगाने सांगितला, डीनच्या बायकोला तर दोनदा सांगितला. "बाई हुशार आहे, पण डोक्यात काही राहत नाही बिचारीच्या. पुढचा अभ्यास तिच्या हाती कसा द्यायचा?" तो पुढचा अभ्यास मेर्वीने आखला होता. ती पीएचडी झाली की तो तिनेच चालवायचा, यासाठी तर तिने इतकी वर्षं घासली होती. रेयोने ठरवलं, तो आता आपणच चालवायचा, आणि हे मेर्वीच्याच पीएचडीच्या जेवणात, पैसे देणाऱ्या संस्थेच्या गुनिलासमोर भाषणात जाहीर करून टाकायचं. चारचौघांत कोण नाही म्हणतंय?

मेर्वीच्या कानावर हे आलं. घरी जाऊन तिने बर्फाच्या पिशवीवर तापलेली मान टेकली आणि आपलं भाषण पाठ करायला घेतलं.

या जेवणाला करोन्का म्हणतात, आणि त्याचा नियम कडक असतो. नव्या डॉक्टरने उभं राहून एकेकाचे आभार मानायचे. ज्याचे मानले त्यानेच पुढे बोलायचं, आणि तेही त्याच क्रमाने. ज्याचं नाव आलं नाही त्याने गुपचूप जेवायचं.

मेर्वी उभी राहिली. हातात कागद नव्हता. तिने परीक्षकाचे आभार मानले, गुनिलाचे मानले, अभ्यासातल्या बायकांचे नावानिशी मानले, बहिणीचे, दंतवैद्याचे, आणि शेवटी नमुने सांभाळणाऱ्या फ्रीजरचे. कुठेही अडखळली नाही. मग बसली.

भाषणं सुरू झाली. परीक्षक बोलला. गुनिला उठली, पण म्हणाली, "मी आधी रेयोचं ऐकते, मग बोलते." रेयोने चमच्याने ग्लास वाजवला आणि खिशातून कागद काढला.

सूत्रसंचालन मेर्वीची थोरली बहीण औती करत होती. ती म्हणाली, "बस रे रेयो. तुझं नाव आलं नाही."

"अगं, ती विसरली!"

"हो ना. डोक्यात काही राहत नाही बिचारीच्या. तूच तर सगळ्यांना सांगत होतास."

रेयोने कागद पुन्हा खिशात घातला. मेर्वीने मुद्दाम वगळलं म्हणावं, तर तिची स्मरणशक्ती खणखणीत ठरते. विसरली म्हणावं, तर नियम नियमच. डीनची बायको बटाट्याकडे बघत होती. तिच्या नाकातून हवा बाहेर पडली.

मग बायका बोलल्या, औती बोलली, दंतवैद्यही बोलला. "फ्रीजर," औतीने पुकारा केला.

सगळे मिनिटभर शांत बसले. संध्याकाळचं सगळ्यांत आवडलेलं भाषण तेच.

मग गुनिला आपलं राहिलेलं भाषण करायला पुन्हा उठली. "माझ्याही त्या वर्षांत मला मुलाचं नाव आठवायचं नाही. मी त्याला 'अरे' म्हणायचे. आता आठवतं, पण तो 'अरे'लाच ओ देतो. मेर्वी, पुढचा अभ्यास कोण चालवणार?"

"मी," मेर्वी म्हणाली.

"मग चालव. पैसे आम्ही देतो."

मेर्वीने रेयोकडे बघून ग्लास उंचावला. "अरे हो, तू! तुझं नाव काय रे?"

सोमवारी विद्याशाखेत एक अर्ज आला. अर्जदार, प्राध्यापक रेयो हानुला. "तरी नम्र विनंती की, सदर भोजन झालेच नाही असे समजण्यात यावे, नवीन डॉक्टरबाईंचे इस्ट्रोजेन पूर्ववत होताच आभाराचे भाषण पुन्हा घेण्यात यावे, आणि त्यात अर्जदाराचा क्रमांक फ्रीजरच्या आधी लावण्यात यावा."