श्रेढीची व्युत्पत्ती

तोंडी परीक्षेला निघता निघता लेकीने कोशकार बापाच्या हातात प्रबंध ठेवला. पाच वर्षं विषयाचा थांगपत्ता लागू दिला नव्हता, म्हणे गंमत! "आता निवांत वाचा, बाबा," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्याच पानावर कोशकारांच्या पायाखालची जमीन सरकली. गणितातला 'श्रेढी' हा शब्द गवंड्यांच्या बोलीतल्या 'सेढ'वरून, म्हणजे पायऱ्यांच्या थरावरून आला; त्यावरून गवंड्यांचं गणित उलगडलेलं. अख्खा प्रबंध त्या एका शब्दावर उभा होता, आणि असा शब्दच नव्हता. तो कोशकारांनी स्वतः रचून आपल्या गणित-कोशात घातला होता. त्या धंद्यात ही रीतच असते. एखादी बनावट व्युत्पत्ती पेरून ठेवायची, म्हणजे उचलेगिरी करणारा अलगद सापडतो. हे ठाऊक असलेले कोशाचे दुसरे संपादक केव्हाच वारले होते.

लेकीने आधाराला दिलेली पुस्तकं त्यांनी कपाटातून ओढून काढली. एकाने दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्याने कोशकारांचा. चोर सापडले होते खरे, पण त्यांच्यासोबत पोटची पोरही सापडली होती. मग ते जुनी पुस्तकं चाळत सुटले. कुठेतरी, कुणीतरी, आपल्याआधी 'सेढ' लिहिलेलं असू दे! आयुष्यात पहिल्यांदाच ते देवाकडे मागत होते, की माझी थाप खरी निघू दे. निघाली नाही. लेकीचा फोन बंद होता.

धापा टाकत ते विद्यापीठात पोचले, तेव्हा परीक्षा संपत आली होती. दार ढकलून ते सरळ बोलले, "'सेढ' खोटा आहे. मी रचलाय तो."

"पण कोशात आहे ना!" परीक्षक म्हणाले.

"तो कोश माझाच आहे हो!"

"मग काही पुरावा?"

थापेचा पुरावा कोण जपून ठेवतं? कोशकारांना रडू फुटलं. परीक्षक मार्गदर्शकांच्या कानाशी लागले, "पाणी द्या त्यांना. लेकीचं कौतुक झेपत नाहीये." आणि त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

"खरंच, बाबा?" लेकीने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

तिने परीक्षकांच्या हाताखालचा प्रबंध ओढून घेतला. "सही नको, सर," ती म्हणाली, आणि बापाकडे न बघता त्यांच्या शेजारून बाहेर निघून गेली.