फेब्रुवारीत गेलेली आई

या, असे जवळ सरकून बसा. एका रागाची गोष्ट सांगतो, ऐकून जीव निवेल.

ब्युनोस आयर्समधले झाडून सगळे मनोविश्लेषक फेब्रुवारीत सुट्टी घेऊन समुद्रकाठी जातात. नेमक्या त्याच महिन्यात बसड्रायव्हर ओविदिओची आई, एल्विरा, वारली. सहा वर्षं तो आपल्या मनोविश्लेषक रेबेकाबाईंच्या कोचावर पडून गोगलगाईसारखा मवाळ बोलत आला होता. मार्चमध्ये मात्र तो आडवा झालाच नाही.

"फेब्रुवारीत मरायचं नसतं, हे माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं हो, बाई!" तो दारातूनच कडाडला. "मी तिची शवपेटी उचलत होतो आणि तुम्ही वाळूत लोळत होता! बघा, नाक कसं भाजून आलंय!"

बाईंनी सुट्टीची सबब पुढे केली नाही. "तुम्हाला माझी गरज होती आणि मी नव्हते," त्या म्हणाल्या. "बोला अजून."

मग पाऊण तास तो तोंडाला येईल ते बोलला आणि एकदम थबकला. त्याला आठवलं, लहानपणी तो बापावर असाच ओरडला होता, आणि बाप त्याच दिवशी घर सोडून गेला होता.

"आता द्या मला हाकलून," तो गुरगुरला.

"गुरुवारी चार वाजता या. राग उरला असेल तर तोही आणा."

"तुम्ही असाल?"

"असेन."

जिना उतरताना त्याला आईसाठी पहिल्यांदा रडू फुटलं.

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या एल्विराची आठवण ठेवा.