उतारावर सोडलेले दगड

धाकट्या दिराने पुन्हा ट्रॅक्टर रेटला. चाक जागच्या जागी गरगरलं आणि दगडांनी भरलेली ट्रॉली आणखी वीतभर खचली.

टेकडीवर गोठा बांधायला तो ओढ्यातले दगड वहिनीच्या शेतातून वर नेत होता. त्यासाठी तिचा बांध त्यानेच फोडला होता. त्या खिंडारातून पावसाचं पाणी धावलं आणि तिची काळी माती खाली त्याच्या शेतात जाऊन बसली. ती विचारायला गेली तर म्हणाला होता, "मातीला मी बोलवायला आलो होतो का?"

आज खिंडाराच्या जरा वरच तो रुतला होता.

"वहिनी, तमाशा काय बघताय? बैल जुंपा की!"

"बैलांची कंबर मोडू का? आधी भार उतरवा, भावोजी. चाकाला पकडच नाही, नुसतं फिरून काय होणार?"

चडफडत तो ट्रॉलीवर चढला आणि दगड उचलून बाजूला फेकू लागला.

"उचलता कशाला? मागे उतारावर सोडा. आपले आपण जातील."

खरंच सोपं होतं. पायाने लोटला की दगड गडगडत जाई. पहिले दोन थोराड धोंडे खिंडारात अडकले आणि बाकीचे त्यांच्यावर थटत गेले. वहिनी फटींत दगडाच्या चिपा ठोकत होती. घामाने आंधळा झालेल्या दिराने मागे पाहिलंच नाही.

ट्रॉली रिकामी झाल्यावर तिने बैल जुंपले. बैलांनी माना वाकवल्या, साखळी ताणली. क्षणभर काही हललं नाही. मग चिखलाने चाक सोडलं आणि रिकामी ट्रॉली कोरड्यावर आली.

तो हसत वळला. खिंडार बुजलं होतं. दगड पुन्हा लोटावेत तर खाली त्याचंच नांगरलेलं शेत.

"आता मी परत खाली जाऊ कुठून?"

"माझ्या अंगणातून." तिने अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं. "माझी माती वर आणून टाका, मग उघडते."

"उद्या पेरणी आहे माझी! माती कशात आणू? ट्रॅक्टर तर आत अडकलाय!"

"टोपली देते."

अंधार पडेपर्यंत त्याने शिव्या दिल्या. सकाळी ती धार काढत होती, तेव्हा बांधावरून कोणी धापा टाकत आलं. तिने टोपलीत डोकावून पाहिलं.

"अर्धीच आहे," ती म्हणाली. "परत न्या. शिगोशीग भरून आणा."